नवरा येतोय, आंबे नाही

प्रश्न: ताई, माझं माहेर कणकवलीचं, सासर देवगड तालुक्यातलं. लग्नाला तीन वर्षं झाली. गेल्या ऑक्टोबरपासून मी जर्मनीत ब्रेमेनला एम.एस्सी. करते आहे. नवरा घरची हापूसची बाग बघतो. बाग आटोपली की ४ जूनला तो तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे येतोय. तरवा (भाताची रोपं) सासरे बघतील, लावणीपर्यंत तो परत. व्हिसा आला, तिकीट झालं. मला आनंद झालाय आणि माझी झोप उडालीय. खोली चौदा चौरस मीटरची, पलंग एकटीचा. आठ ते तीन लॅब, १८ जूनला सेमिनार, जुलैत परीक्षा. तो देशाबाहेर कधी गेलेला नाही. इंग्रजी समजतं, बोलायला लाजतो. मी लॅबला गेल्यावर तो दिवसभर काय करणार? तीन शनिवार-रविवारांत पॅरिस, अ‍ॅम्स्टरडॅम आणि स्वित्झर्लंड दाखवायचं मी ठरवलंय, पण पैशांचा हिशोब बसत नाही. सासरे शेवटच्या तोडीचे चार डझन आंबे देणार म्हणतात, सासूबाईंची यादी वेगळीच. कुठून सुरुवात करू?

ता.क. मी राहते त्या फ्लॅटमध्ये आणखी दोघं आहेत, दोन्ही मुलगे. घरी ‘हॉस्टेल’ एवढंच माहीत आहे. त्यालाही.

— देवगडची सून, मुक्काम ब्रेमेन

उत्तर: संपादकांनी तुझं पत्र धाडताना वर पेन्सिलीने ‘तुमच्या गावचं’ असं लिहिलं होतं. वेंगुर्ल्याचं असेल म्हणून उघडलं, तर आतून ब्रेमेन निघालं. २०१० ते २०१२ अशी दोन वर्षं मी तिथे शिकायला होते. २०११ साली पावसाळी मासेमारी बंद झाली, होडी वर ओढली आणि माझा नवरा चोवीस दिवस माझ्याकडे राहून गेला. तेव्हा हे उत्तर पुस्तकातलं नाही, फटके खाऊन लिहिलेलं आहे.

आधी आंबे, कारण सासऱ्यांनी पेटी भरायच्या आत त्यांना सांगावं लागेल. हापूस युरोपात हातातून नेता येत नाही. डिसेंबर २०१९ पासून बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाकडे ताजं फळ असलं, तर सोबत रोगकिडीचा सरकारी दाखला लागतो. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन. आपल्या राजाचं नाव त्या यादीत नाही. कारण मात्र तुझ्या नवऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं कळेल: फळमाशी. ह्याच माशीपायी युरोपने २०१४ च्या मे महिन्यात भारतातला आंबा बंद केला होता, ती बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. विमानतळावर पेटी काढून घेतात आणि फेकून देतात. घरच्या बागेचे चार डझन आंबे डोळ्यांदेखत कचऱ्यात गेलेले बघायला कोणी जर्मनीला जाऊ नये.

दूध आणि मांस ह्यांचंही तसंच. तूप, खवा, पेढे, मटणाचं काहीही नको. सासूबाईंच्या यादीत तूप असणारच, तेवढं त्यांच्याशी गोड बोलून काढ. मासळीबद्दल मात्र युरोप भलताच उदार आहे. स्वतःपुरती सुकी मासळी माणशी वीस किलोपर्यंत चालते. वीस किलो! विमान कंपनी अख्ख्या बॅगेला तेवीस देते. म्हणून सुकट, बोंबील, सोललेली सुकी कोलंबी खुशाल येऊ दे, पण तीन पिशव्यांत घट्ट बांधून आणि कपड्यांपासून लांब. आमसुलं, तिरफळं, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, आंबापोळी, रसाचे डबे हेही भर म्हणावं. नारळ नको, तो तिथे मिळतो. आणि एक गोधडी आण म्हणावं. एकटीच्या पलंगावर दोघांनी तीन आठवडे काढायचे मनसुबे मीही रचले होते. तिसऱ्या रात्री नवरा खाली गोधडीवर गेला आणि दोघांनाही पहिल्यांदा झोप लागली.

कागदपत्रांचं थोडक्यात. भेटीच्या व्हिसावर किती दिवस राहता येईल तो आकडा लिहिलेला असतो. पोचल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरतात, तिकिटाशी ताडून बघ. विमान फ्रँकफुर्टला बदलणार असेल तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, ब्रेमेनला नाही. म्हणजे नेमकी त्या वेळी तू शेजारी नसशील. तुझं आमंत्रणाचं पत्र, तुझा पत्ता, परतीचं तिकीट आणि विम्याचा कागद हातातल्या पिशवीत हवेत. कुठे उतरणार, कशासाठी आला, कधी परत जाणार, ह्या तीन प्रश्नांची इंग्रजी उत्तरं त्याच्याकडून फोनवर चार वेळा म्हणून घे. लाजणारा माणूस पाठ केलेलं बरोबर बोलतो. तीन महिन्यांच्या आतल्या पाहुण्याला तिथल्या पालिकेत पत्ता नोंदवावा लागत नाही, ती धावपळ नको. भाडेकरारात पाहुण्यांचं कलम मात्र वाचून ठेव. (व्हिसा अजून काढायचा असेल अशा वाचकांसाठी: अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. बागायतदार नि होडीवाले लोकहो, तुमचा पगाराचा कागद नसतो, तेव्हा आयकराची विवरणपत्रं आणि सातबारा किंवा होडीचा परवाना नीट लावा.)

आता पॅरिस, अ‍ॅम्स्टरडॅम आणि स्वित्झर्लंड. देवगडला आलेल्या पाहुण्याला शनिवार-रविवारात दिल्ली दाखवून आणण्याचा हा प्रकार आहे. दोन रात्री गाडीत, एक दिवस रांगेत, आणि सोमवारी सकाळी तुझे डोळे लाल, तेही सेमिनार तोंडावर असताना. मी हेच केलं होतं, जरा छोट्या मापात. पहिल्या आठवड्यात चौकातला रोलांड ह्या वीराचा पुतळा, ग्रिमच्या गोष्टीतल्या गाढव-कुत्रा-मांजर-कोंबड्याचा पुतळा, दोनदा हॅम्बुर्ग, एकदा बर्लिन. नवरा गाढवाचे पाय धरून फोटोला उभा राहिला आणि मला म्हणाला, “आता झाला मां?” मी वहीत वेळापत्रक लिहून ठेवलं होतं. त्या वहीचा मला अजून राग येतो. माझा लॅबचा अहवाल मागे पडला, मी चिडचिडी झाले, तो गप्प झाला. बर्लिनहून परत येताना गाडीत आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि त्या गप्प बसण्याच्या तिकिटाला मी चांगले पैसे मोजले होते.

दुसऱ्या आठवड्यात माझ्याने झेपेना म्हणून मी त्याला किल्ली दिली आणि लॅबला निघून गेले. संध्याकाळी आले तर स्वारी खोलीत नाही. शोधत नदीवर गेले. हा श्लाख्टेवर, म्हणजे वेझर नदीकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, उकिडवा बसलेला, नजर पाण्यावर. मला म्हणाला, “अगो, ह्या नदीक भरती येता!” मी हसले. समुद्र तिथून साठेक किलोमीटरवर. तर त्याने मला काठाच्या भिंतीवरची ओली रेघ दाखवली. सकाळपासून तीन वेळा येऊन त्याने ती बघितली होती आणि उद्याची भरती किती वाजता, तेही सांगून टाकलं. त्या नदीच्या काठी नऊ महिने राहून समुद्राचा अभ्यास करणारी मी, मला ते माहीत नव्हतं. मग शोधलं. १८८७ ते १८९५ ह्या काळात फ्रान्झिउस नावाच्या इंजिनिअरने मोठी जहाजं गावापर्यंत यावीत म्हणून वेझर नदी सरळ आणि खोल केली, पुढेही ती खोल होत गेली, आणि समुद्राची भरती जोराने आत घुसायला लागली. आज ब्रेमेनला भरती-ओहोटीत चारेक मीटरचा फरक पडतो. वेंगुर्ल्याच्या बंदरात उधाणालाही एवढं पाणी चढत नाही. त्यानंतर रोज सकाळी तो ‘पाणी बघून’ यायचा, वाटेत पाव आणायचा, भेटेल त्याला ‘मोइन’ म्हणायचा. उत्तरेत दिवसाच्या कुठल्याही वेळी हा एक नमस्कार पुरतो. तुझ्या लाजऱ्या नवऱ्याला पहिल्या दिवशी हाच शब्द शिकव.

तेव्हा तो दिवसभर काय करेल, हा प्रश्न त्याच्यावर सोड. तू फक्त सोय कर. किल्ली, तुझा पत्ता लिहिलेली चिठ्ठी, फोनला नेट आणि गाडीचं तिकीट. तिकिटावरून आठवलं, विद्यापीठाकडून मिळणाऱ्या तुझ्या सेमिस्टर-तिकिटावर नवरा चालत नाही. मला वाटलं होतं, चालतो. ट्राममध्ये साध्या कपड्यांतला तपासनीस शेजारी येऊन उभा राहिला, ४० युरो दंड. आता ६० आहे. त्याच्यासाठी जूनचं डॉइचलांड-टिकेट, म्हणजे महिन्याचा पास, काढ. जानेवारी २०२६ पासून ते ६३ युरोला झालंय, पण देशभरातल्या ट्राम, बस आणि साध्या गाड्या त्यात येतात, जलद गाड्या नाहीत. ते वर्गणीसारखं असतं, म्हणून १० जूनच्या आत रद्द करायला विसरू नकोस, नाहीतर तो इथे लावणी करत असेल आणि जुलैचे पैसे तुझ्या खात्यातून जातील. तिकीट नावावर असतं, पासपोर्ट खिशात हवा.

त्याच तिकिटावर एक शनिवार त्याचा म्हणून ठेव. माझा माणूस दर्यावर्दी, त्याला पाणी दिसलं. तुझा बागायतदार आहे, त्याला आल्टेस लांडला ने. एल्बे नदीकाठी हॅम्बुर्गच्या पश्चिमेला सफरचंद आणि चेरीच्या बागांचा मोठा पट्टा आहे. ब्रेमेनहून हॅम्बुर्ग-हार्बुर्ग, तिथे गाडी बदलून बुक्सटेहुडे, मग बसने योर्क. जूनच्या मध्यापासून चेरी पिकायला लागते. बागेत पाण्याचे पाइप आणि मध्येमध्ये तळी दिसतील, त्याबद्दल तिथल्या एखाद्या शेतकऱ्याला विचार आणि नवऱ्याला मराठीत सांग. वसंतात झाड फुलावर असताना रात्री पारा शून्याखाली गेला, तर ते लोक फुलांवर रात्रभर पाणी मारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या आत कळी शून्याच्या आसपास टिकून राहते, जळत नाही. आपल्याकडे मोहोरावर अवकाळी पाऊस आला की माणसं डोक्याला हात लावतात. फुलोरा वाचवायला वरून पाणी मारणारे लोक आहेत हे ऐकून तुझा नवरा तुला दहा प्रश्न विचारील, आणि त्यातल्या नवांची उत्तरं तुला येणार नाहीत. रस्त्याच्या कडेला फळांच्या टपऱ्या असतात, माणूस नसतो, डब्यात पैसे टाकायचे आणि फळ उचलायचं. त्या टपरीपाशी तो बराच वेळ उभा राहील असा माझा अंदाज आहे. (बागेत कोणी हात लावायला बोलावलं तरी मजुरी घेऊन काम करायचं नाही. भेटीच्या व्हिसावर त्याची परवानगी नसते.)

आणि एक दिवस त्याला तुझी लॅब दाखव, परवानगी काढून. तू सकाळी उठून जातेस ते नेमकं कुठे, कोणत्या खुर्चीवर बसतेस, डबा कुठे खातेस, हे त्याने बघितलेलं असलं की पुढच्या वर्षभराचे फोन वेगळे होतात. माझा नवरा अजून ‘ती खिडकीकडची खुर्ची’ म्हणतो.

घरातल्या बारीकसारीक गोष्टी सांगून टाकते. तिथल्या न्हाणीघराला आपल्या मोरीसारखा उतार नसतो, शॉवरच्या बाहेर पाणी जायला वाटच नसते. टमरेल वापरू दे, पण फरशी कोरडी राहील असं. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच भाजी आण. रात्री दहानंतर आणि रविवारी आवाज नाही. बहुतेक प्लॅस्टिकच्या बाटल्यांमागे २५ सेंट परत मिळतात, त्या मशीनवर त्याला एकदा ने, मग ते खातं तो सांभाळेल. सुकट भाजायची ती खिडकी उघडून, स्वयंपाकघराचं दार लावून आणि आधी सांगून. आमच्या वसतिगृहात नवऱ्याने रविवारी सकाळी सात वाजता सुकट तव्यावर टाकली. छतावरचं धुराचं यंत्र असं बोंबललं की तिसऱ्या मजल्यापर्यंतची सगळी मुलं रात्रीच्या कपड्यांत अंगणात जमली. नवरा उलथणं हातात घेऊन त्या सगळ्यांना ‘मोइन, मोइन’ करत होता.

आता ता.क. पत्राचा खरा मजकूर तिथेच आहे, हे तुलाही ठाऊक आहे, नाहीतर तू तो वरच लिहिला असतास.

अशा फ्लॅटमध्ये राहणं ही ब्रेमेनमध्ये सांगण्यासारखी गोष्टसुद्धा नाही. खोली मिळत नाही तिथे, मिळाली ती घेतलीस. पण चौदा-पंधरा तासांचा प्रवास करून, डोळ्यांत झोप घेऊन तो दारात उभा राहणार, आणि आतून टॉवेल गुंडाळलेला एक मुलगा ‘हॅलो’ म्हणत बाहेर येणार. तेव्हा तू काय सांगशील ते कितीही खरं असलं तरी सारवासारव वाटेल. म्हणून आता सांग, ह्याच आठवड्यात. फोनवर नुसतं बोलू नकोस, व्हिडिओ लाव. स्वयंपाकघर दाखव, फ्रिजमधला तुझा कप्पा दाखव, भिंतीवरचं साफसफाईचं वेळापत्रक दाखव, आणि ते दोघं घरात असतील तर त्यांना बोलाव. तो रागावला तर रागावू दे. रागाला पंधरा दिवस मिळतील. आणि ‘मी घाबरले म्हणून सांगितलं नाही’ एवढंच म्हण, वकिली करू नकोस. सासू-सासऱ्यांना काय सांगायचं, कधी सांगायचं, हे मग तुम्ही दोघांनी ठरवा. तू एकटीने ठरवलंस आणि नवऱ्यालाही त्यांच्याच रांगेत उभं केलंस, एवढीच ह्यातली चूक.

त्या दोन मुलांनाही विचारायचंय, विसरू नकोस. तीन आठवडे चौथा माणूस, एकच न्हाणीघर. पाण्या-विजेचे जादा पैसे तूच काढून दे. सकाळी कोण कधी अंघोळ करणार ते ठरवा. आणि पहिल्या शनिवारी नवऱ्याच्या हातची सोलकढी-भात होऊ दे. तुझ्या नव्हे, त्याच्या. त्या घरात तो तुझा पाहुणा म्हणून वावरला तर त्या दोघांसमोर अवघडून बसेल, रांधायला उभा राहिला तर नाही.

मी काय लपवलं होतं ते सांगते. संख्याशास्त्राच्या पेपरात मी नापास झाले होते आणि घरी बोलले नव्हते. मी लॅबला गेल्यावर नवऱ्याने खोली आवरायला घेतली. टेबलावरचा शिक्क्याचा कागद त्याला महत्त्वाचा वाटला, जर्मन वाचता येईना, म्हणून शेजारच्या खोलीतल्या पोलंडच्या मुलाला नेऊन दाखवला. माझ्या नापास होण्याची बातमी माझ्या नवऱ्याला अशी मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून, एका परक्याने दिली. संध्याकाळी मी आले तेव्हा तो माझ्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत बसला होता, जाळ्याच्या टाक्याने. मान वर न करता म्हणाला, “माका कित्याक सांगलंस नाय?” मला उत्तर देता आलं नाही. पट्टा शिवून होईपर्यंत तो आणखी काही बोलला नाही. पेपर मी पुढच्या खेपेला सोडवला. पट्टा अजून तुटलेला नाही.

राहिले ते चार डझन. सासऱ्यांनी पेटी काढून ठेवलीच असेल, तर त्यांचा जीव मोडू नकोस. देवगड ते वेंगुर्ला काही लांब नाही आणि मध्ये फळमाशीचा दाखला मागणारं कोणी बसत नाही. माझा पत्ता संपादकांकडे आहे.